सैल दांड्याचा इतिहास

स्टिअरिंग व्हीलला आधार देणाऱ्या तिरक्या खांबावर, म्हणजे स्टिअरिंग कॉलमवर, गिअरचा दांडा बसवण्याची पद्धत अमेरिकेतील मोटार उद्योगाने १९३८ ते १९४० या अल्प काळात रूढ केली, आणि जुन्या ऑटोमॅटिक पिकअप ट्रकांच्या बाबतीत आजही गॅरेजमध्ये वारंवार येणारी तक्रार, म्हणजे हा दांडा सैल पडून हातात डगमगणे, तिचे मूळ या रचनेच्या जन्मातच आहे. दांडा सैल का होतो याचे उत्तर केवळ झिजलेल्या एखाद्या भागात शोधले, तर ते अर्धवटच मिळते. कारण चालकाचा हात आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पुढील काही दशकांत इतके सांधे, इतक्या नळ्या आणि इतकी कुलपे येत गेली, की दोष शोधणारा मेकॅनिक प्रत्यक्षात त्या बदलांच्या थरांमधूनच वाट काढत असतो.

१९३८ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा जमिनीतून थेट वर येत असे. त्याचे खालचे टोक गिअरबॉक्सच्या झाकणातून आत उतरून गिअर सरकवणाऱ्या पट्ट्यांना भिडलेले असल्यामुळे हात आणि यंत्र यांच्यामध्ये दुसरा कोणताही दुवा नव्हता, आणि झीज झाली तरी ती एकाच ठिकाणी होत असे. गैरसोय एवढीच, की पुढच्या सलग बाकाच्या मधोमध हा दांडा उभा राहिल्याने तिथे तिसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नसे. कॅडिलॅकने १९३८ च्या मॉडेलांत दांडा कॉलमवर नेला, त्याच वर्षी पॉन्टिअ‍ॅकने तो पर्याय म्हणून देऊ केला, आणि १९४० पर्यंत फोर्डसह अमेरिकेतील बहुतेक प्रवासी गाड्यांनी त्याचेच अनुकरण केले. पुढच्या बाकावर तिघे बसू शकतात, ही विक्रीच्या दृष्टीने मोठीच जमेची बाजू होती.

या सोयीची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागली. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे, फळीखाली, होता तिथेच राहिला आणि दांडा तेवढा वर गेला. त्यामुळे दोघांना जोडण्यासाठी कॉलमला समांतर फिरणारी एक नळी, नळीच्या खालच्या टोकाला एक आखूड आर्म, आर्मपासून निघणारे रॉड आणि ते रॉड गिअरबॉक्सच्या कुशीपर्यंत पोहोचवणारे आणखी सांधे अशी साखळीच उभी करावी लागली. यातल्या प्रत्येक सांध्यात पिन आणि छिद्र असते, आणि पिन फिरायची तर दोघांमध्ये किंचित फट ठेवावीच लागते. एका सांध्यातील फट नगण्य असली, तरी पाच-सहा सांध्यांची फट एकत्र येते, आणि दांडा खालच्या आर्मच्या तिप्पट लांब असेल, तर तळाशी एक मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, दांड्याच्या टोकाशी तीन मिलिमीटरचा होऊन हाताला जाणवतो. हा भूमितीचा नियम असल्यामुळे कॉलमवरचा दांडा नवा असतानाही जमिनीवरच्या दांड्याइतका घट्ट कधीच नव्हता. झीज सुरू झाल्यावर तर फरक वेगाने वाढत जातो. अशा लांब साखळीतून गिअर बदलण्यास लागणारा जोर कमी व्हावा म्हणून शेवरोलेटने १९३९ मध्ये इंजिनाच्या निर्वात दाबाचे साहाय्य घेणारी योजनाही आणली होती, यावरून या अडचणीची जाणीव उत्पादकांना पहिल्यापासून होती हे दिसते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आल्यावर मात्र कॉलमवरच्या दांड्याला खरा जोडीदार मिळाला. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलसाठी ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स दिला, बुइकने १९४८ मध्ये डायनाफ्लो, शेवरोलेटने १९५० मध्ये पॉवरग्लाइड आणि फोर्डने १९५१ मध्ये फोर्डोमॅटिक बाजारात आणले. या गिअरबॉक्सांत गिअर बदलण्याचे काम तेलाच्या दाबाने आपोआप होते, आणि चालकाचा दांडा फक्त एक सरकती झडप पुढे-मागे करतो, जिला मॅन्युअल व्हॉल्व्ह म्हणतात. या झडपेच्या स्थितीवरून तेल कोणत्या मार्गाने जायचे ते ठरते. जोर फारसा लागत नसल्यामुळे लांब साखळीची पहिली अडचण संपली, पण तिच्या जागी दुसरी, अधिक नाजूक अडचण आली, कारण आता प्रश्न ताकदीचा न राहता अचूकतेचा झाला. झडप दोन स्थितींच्या मध्येच अडकली, तर तेलाचा मार्ग अर्धवट उघडतो, दाब कमी पडतो आणि आतल्या क्लच प्लेटा घसरून जळू लागतात.

या व्यवस्थेतील एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही, परंतु सैल दांड्याचे सारे मर्म तीतच आहे. ऑटोमॅटिक गाडीत स्थिती ठरवणाऱ्या खाचा दोन ठिकाणी असतात. एक संच कॉलमच्या वरच्या भागात, दांड्याच्या मुळाशी असतो. तिथे पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली एक पोलादी पट्टी असून, पार्कमधून किंवा रिव्हर्समध्ये जाताना दांडा चालकाकडे ओढावा लागतो तो त्या पट्टीची पायरी ओलांडण्यासाठीच. दुसरा संच गिअरबॉक्सच्या आत, कंगव्यासारख्या दात्यांच्या तुकड्यावर असतो आणि त्यात स्प्रिंगच्या जोराने एक रोलर बसतो. वरची खाच हाताला थांबवते, खालची खाच झडपेला थांबवते, आणि दोघींचा मेळ राखण्याचे काम मधल्या साखळीकडे असते. दांडा सैल झाला म्हणजे प्रत्यक्षात या दोन खाचांमधला करार मोडू लागला. वरचा भाग सांगतो एक आणि खालचा असतो दुसऱ्याच जागी. म्हणूनच या दोषाकडे केवळ जुन्या गाडीची खडखड म्हणून दुर्लक्ष करणे चूक आहे.

मालवाहू गाड्यांत ही व्यवस्था १९५० च्या दशकात आली. फोर्डने १९५३ च्या एफ-१०० पिकअपमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पर्याय दिला आणि शेवरोलेटने १९५४ मध्ये आपल्या पिकअपसाठी हायड्रामॅटिक उपलब्ध केला. पुढे प्रवासी गाड्यांत दोन स्वतंत्र आसने आणि त्यांच्या मधल्या पेटीवरचा दांडा यांची चलती झाली, तेव्हाही पिकअपने सलग बाक आणि कॉलमवरचा दांडा सोडला नाही, कारण शेतावर किंवा बांधकामावर जाणाऱ्या गाडीत तिसऱ्या माणसाची जागा ही चैन नव्हे, गरज होती. परिणामी रोज अनेक वेळा पुढे-मागे होणारा, खडबडीत रस्त्यावर हादरणारा आणि चालकाने उतरता-चढताना आधाराला धरलेला असा हा दांडा सर्वांत कष्टाच्या गाड्यांतच सर्वांत जास्त काळ टिकून राहिला.

दांड्याच्या स्थितींचा क्रम ठरायलाही बराच काळ लागला. सुरुवातीच्या हायड्रामॅटिकमध्ये न्यूट्रल, ड्राइव्ह, लो आणि शेवटी रिव्हर्स असा क्रम होता. पॉवरग्लाइड आणि डायनाफ्लो यांत पार्क एका टोकाला आणि रिव्हर्स दुसऱ्या टोकाला, लोच्या शेजारी होता. फोर्डने १९५१ मध्ये पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो हा क्रम स्वीकारला. क्रायस्लरने तर १९५६ ते १९६४ या काळात दांड्याऐवजी बटणेच दिली. एका कंपनीच्या गाडीची सवय झालेला चालक दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसला, की पुढे जाण्याऐवजी मागे जाण्याचा धोका उभा राही, आणि राल्फ नेडर यांनी १९६५ च्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकात या गोंधळावर टीका केली. १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानक क्रमांक १०२ ने पुढे जाण्याच्या व मागे जाण्याच्या स्थितींमध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे, पार्क टोकाला रिव्हर्सच्या शेजारी असले पाहिजे, कॉलमवरचा दांडा न्यूट्रलमधून ड्राइव्हकडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळला पाहिजे आणि गाडी पुढे किंवा मागे जाण्याच्या स्थितीत असताना स्टार्टर चालू होता कामा नये, असे ठरवून दिले. या शेवटच्या अटीमुळे साखळीला एक विजेचा स्विचही जोडला गेला, जो काही गाड्यांत कॉलमवर आणि काहींत गिअरबॉक्सच्या बाजूला बसवला जातो.

त्याच सुमारास कॉलम स्वतःही गुंतागुंतीचा होत गेला. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाने १९६३ मध्ये चालकाच्या सोयीनुसार वर-खाली कलणारे स्टिअरिंग व्हील आणले, त्यामुळे कॉलमच्या वरच्या भागात बिजागरीसारखा सांधा आणि त्या सांध्याचा आधार जखडून ठेवणारे चार स्क्रू आले. १९६७ च्या मॉडेलांपासून अपघातात चालकाच्या छातीवर आदळण्याऐवजी आत दबणारा कॉलम आला. त्यात बाहेरचे कवच आणि आतली गिअरची नळी दोन्ही दुभंगून एकमेकांत सरकतात, आणि एरवी त्यांना एकत्र धरून ठेवण्याचे काम ओतीव प्लॅस्टिकच्या लहान खुंट्या करतात. १९६९ मध्ये इग्निशनचे कुलूपही डॅशबोर्डवरून कॉलमवर आले आणि दांड्याच्या स्थितीशी जोडले गेले. यांपैकी प्रत्येक बदलाने चालकाची सोय केली, माणसांचे जीव वाचवले किंवा गाडीची चोरी अवघड केली, आणि प्रत्येकाने दांड्याच्या वाटेत एक नवा सांधा ठेवला. स्टिअरिंग व्हील काढण्यासाठी स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकावर हातोडा मारू नये, अशी ताकीद त्या काळापासून दुरुस्ती-पुस्तकांत दिली जाते ती याच कारणाने. तसा घाव बसला, तर प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटतात आणि बाहेरून धड दिसणारा कॉलम आतून सैल होतो.

पार्क या स्थितीबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. दांडा पार्कमध्ये नेल्यावर गिअरबॉक्सच्या आत एक पोलादी खिटी दातेरी चाकात अडकते आणि गाडी जागीच धरली जाते. चाकांच्या ब्रेकशी या खिटीचा काहीही संबंध नसतो. दांडा पार्कच्या जागी दिसत असूनही खिटी पूर्ण बसली नसेल, तर इंजिन चालू असताना थोड्याशा हादऱ्याने गिअरबॉक्स रिव्हर्समध्ये सरकू शकतो आणि रिकामी गाडी मागे धावू लागते. १९६६ ते १९८० या काळातील फोर्डच्या गाड्यांबाबत अशा तक्रारींची अमेरिकी सरकारने दीर्घ चौकशी केली आणि १९८० च्या अखेरीस झालेल्या तडजोडीनुसार सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवण्याची इशारापट्टी पाठवण्यात आली. दोष दुरुस्त करण्याऐवजी कागदी पट्टीवर प्रकरण मिटवणे समाधानकारक होते असे म्हणता येत नाही, कारण खिटी कुठे आहे हे चालकाला सांगण्याचे साधन दांड्याखेरीज दुसरे नव्हते. पुढे रॉडच्या जागी लवचीक केबल आली, तेव्हाही प्रश्न रूप बदलून राहिलाच: २०२२ मध्ये फोर्डने सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या त्या केबलच्या टोकाचे लहानसे बुश, म्हणजे सांध्यातील अस्तर, खराब होऊन निखळण्याच्या शक्यतेमुळे. त्या गाड्यांत दांडा कॉलमवर नव्हता, तरीही साखळीतला सर्वांत स्वस्त भागच तिचा सर्वांत कच्चा भाग असतो हे त्यातून पुन्हा दिसले.

महाराष्ट्रातील वाचकाला कॉलमवरचा दांडा परका नाही, परंतु त्याची ओळख क्लचसह चालणाऱ्या गिअरची आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला होता, आणि सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे. तथापि ही रचना घरोघरी पोहोचली ती १९६४ च्या फिएट ११०० डिलाइट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीमुळे. उजव्या हाताला स्टिअरिंग असल्याने इथे दांडा कॉलमच्या डाव्या अंगाला होता आणि पुढचे चारही गिअर त्याच दांड्यावर टाकावे लागत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पुढच्या बाकावर चालकाशेजारी प्रवासी बसत तेव्हा मधली जागा मोकळी असे, ती याच व्यवस्थेची देणगी होती, आणि रॉडचे बुश झिजून गिअर अडकणे हा तिचाच दुसरा भाग. पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. ऑटोमॅटिक पिकअपमधील सैल दांड्याचे निदान आणि पद्मिनीच्या लिंकेजची दुरुस्ती यांत मूळ तत्त्व एकच आहे; फरक असा, की क्लचच्या गाडीत चुकीचा गिअर चालकाला लगेच कळतो, तर ऑटोमॅटिक गाडी काही काळ मुकाट्याने चुकीच्या स्थितीत चालत राहते.

निदानाची रूढ पद्धत वरून खाली जाण्याची आहे, कारण सैलपणा वर हाताला जाणवतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून दांड्याचे मूळ एका हाताने घट्ट धरायचे व दुसऱ्या हाताने टोक हलवायचे. मुळाशी असलेली कड्यासारखी बैठक स्थिर राहून फक्त दांडा हलत असेल, तर दांड्याला बैठकीत धरणारी पिन सैल आहे, किंवा मऊ ओतीव धातूतले तिचे छिद्र लांबट झाले आहे. हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपद्रवी प्रकार होय, आणि तो नव्या पिनेने किंवा नव्या दांड्याने सुटतो. दांड्याबरोबर स्टिअरिंग व्हीलही वर-खाली डुलत असेल, तर दोष दांड्याचा नसून कलणाऱ्या कॉलमचे ते चार स्क्रू किंवा कॉलमला डॅशबोर्डखाली धरणारे बोल्ट ढिले झाले आहेत. स्क्रूंपर्यंत पोहोचण्यासाठी व्हील, कुलूपपट्टी आणि इंडिकेटरचा स्विच काढावा लागतो, म्हणून हे काम वेळखाऊ आहे, पण त्यात नवे भाग फारसे लागत नाहीत. बैठक फिरते आणि कॉलमच्या तळाचा आर्म मात्र मागे राहतो, असे सहायकाच्या मदतीने दिसले, तर आतली नळी किंवा तिचे खालचे बुश संशयाच्या कक्षेत येते. हे प्लॅस्टिकचे बुश इंजिनाच्या उष्णतेजवळ असल्यामुळे कालांतराने कडक होऊन तुकडे पडते.

तरीही खालून सुरुवात करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. गिअरबॉक्सच्या आर्मपासून रॉड किंवा केबल सोडवून आर्म हाताने हलवला, तर प्रत्येक खाच स्पष्ट टकटक जाणवली पाहिजे. तशी जाणवली, तर गिअरबॉक्स निर्दोष असून सारा दोष वरच्या साखळीत आहे, आणि ती बोथट लागली, तर आर्म धरणारा नट किंवा आतली स्प्रिंग पाहावी लागते. एका चाचणीने साखळीचे दोन भाग होत असल्यामुळे पुढचा शोध निम्म्यावर येतो. ही चाचणी टाळली गेल्यामुळेच ड्राइव्हमध्ये घसरणारी गाडी गिअरबॉक्स गेल्याचे समजून उघडली जाते आणि काही रुपयांच्या बुशऐवजी पूर्ण दुरुस्तीचा खर्च मालकाच्या माथी बसतो. दोष नेमका कुठे आहे हे सांगणारी आणखीही लक्षणे असतात. गाडी दांडा उचलून धरल्यावरच सुरू होत असेल, तर स्टार्टरच्या स्विचपर्यंत पार्कची खूण नीट पोहोचत नाही. डॅशबोर्डवरचा काटा अक्षरांच्या मध्ये उभा राहत असेल, तर त्यावरून गिअरबॉक्सबद्दल काहीच निष्कर्ष काढता येत नाही, कारण तो काटा बारीक तारेने किंवा दोरीने कॉलमच्या बैठकीला बांधलेला असतो आणि तिच्याच हालचाली दाखवतो. रॉडच्या जुन्या गाडीत वेग घेताना दांडा आपोआप थरथरत किंवा सरकत असेल, तर इंजिनाखालचे रबरी माउंटिंग फाटलेले असण्याची शक्यता मोठी, कारण इंजिन झुकले की त्याला जोडलेला गिअरबॉक्सही झुकतो आणि रॉडला ओढतो.

रॉडची लांबी कमी-जास्त करून सैलपणा लपवण्याची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. त्याने प्ले कमी होत नाही, फक्त त्याचा मध्य सरकतो, आणि ड्राइव्ह जुळवताना पार्क बिघडण्याचा धोका वाढतो. झिजलेले बुश आणि पिना बदलल्यानंतरच जुळवणी करायची असते, आणि तीही काट्याकडे पाहून नव्हे, तर आधी गिअरबॉक्सला त्याच्या स्वतःच्या खाचेत बसवून, वरचा दांडा त्याच स्थितीच्या पायरीशी टेकवून आणि मग मधला सांधा आवळून. काम पूर्ण झाल्यावर स्टार्टर फक्त पार्क आणि न्यूट्रल या दोनच स्थितींत फिरतो का, प्रत्येक स्थितीत वरची पायरी आणि खालची खाच एकाच वेळी लागते का, आणि पार्कमध्ये असताना दांडा चालकाकडे न ओढता रिव्हर्सकडे दाबला तरी खिटी जागची हलत नाही ना, हे तपासायचे. शेवटी चाकांसमोर कोणी उभे नसताना हलक्या उतारावर, आधी तोंड वर आणि मग तोंड खाली करून, ब्रेकवर पाय तयार ठेवून ब्रेक सावकाश सोडायचा आणि खिटी गाडीचा भार दोन्ही दिशांना पेलते याची खात्री करून घ्यायची.